एका ‘आहे’साठी : जुन्या वळणाचे ल्यूथरन आणि त्यांची रविवारची उपासना

देवळात कुणाला येऊ द्यायचं यावरून आपल्याकडे मोठे लढे झाले. पण एकदा आत आलेल्या माणसाच्या तळहातावर खडीसाखर ठेवताना कुणी त्याची चौकशी करत नाही. गुरुद्वारातल्या लंगरमध्ये तर ताट पुढे आलं की वाढायचं, एवढाच नियम.

अमेरिकेच्या मध्यभागातल्या एखाद्या जुन्या वळणाच्या ल्यूथरन चर्चमध्ये बरोबर उलटं घडतं. दारात कुणी अडवत नाही. हसून स्वागत होतं, हातात त्या दिवसाच्या उपासनेचा छापील कागद ठेवतात, बाकावर सरकून जागा करून देतात. त्याच कागदावर एक नम्र सूचना असते : आमच्या मंडळीचे सभासद नसाल तर प्रभुभोजन (वेदीपाशी दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस) घेण्यापूर्वी कृपया पाळकांशी बोला. साध्या मराठीत याचा अर्थ, आज तुम्हाला ते मिळणार नाही.

प्रभुभोजन म्हणजे प्रसाद नव्हे, हे आधीच सांगतो. तुलना फक्त बाहेरून पाहणाऱ्याला काय वाटतं ते दाखवण्यापुरती. पण इतक्या अगत्याने बोलावणारी माणसं नेमकी तिथेच का थांबवतात, हे कळलं की या पंथाचं बरंचसं कोडं सुटतं. मी इथे बोलतो आहे ते ‘ल्यूथरन चर्च – मिसूरी सिनॉड’बद्दल (सिनॉड म्हणजे मंडळ्यांचा संघ). सेंट लुईस शहराजवळ मुख्यालय असलेलं, १७ लाखांच्या आसपास सभासदांचं हे चर्च. याहून कडक मंडळी आहेत, विस्कॉन्सिन सिनॉडची. आणि बरीच मोकळी आहेत, १९८८ साली स्थापन झालेल्या ‘इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका’ची. तिघंही स्वतःला ल्यूथरनच म्हणवतात.

मार्टिन ल्यूथर शाळेच्या इतिहासात भेटून गेलेला असतो. ३१ ऑक्टोबर १५१७, विटेनबर्ग, ९५ मुद्दे, पापक्षमेची विकत मिळणारी पत्रं, पोपशी भांडण. शाळेत राहून जातं ते त्या माणसाचं मूळ दुखणं. ल्यूथर मठात राहणारा संन्यासी होता. उपास, जागरणं, तासन् तास पापांची कबुली, सगळं मनापासून करत होता आणि तरी एक प्रश्न त्याची पाठ सोडत नव्हता : एवढं केलं, पण ते देवाला पोचलं का? पुरेसं झालं, हे मला सांगणार कोण?

बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र वाचता वाचता त्याला उत्तर सापडलं, ते असं. देव माणसाला नीतिमान ठरवतो हा कोर्टाच्या निकालासारखा प्रकार आहे. निकाल आरोपीच्या कमाईवर लागत नाही. ख्रिस्ताने क्रुसावर जे सोसलं त्याच्या बळावर लागतो, आणि माणसाला तो फुकट मिळतो, केवळ विश्वासाने. म्हणजे ‘किती केलं म्हणजे पुरे’ हा हिशेबच मोडीत निघाला.

इथपर्यंत प्रोटेस्टंट म्हणवणारे जवळपास सगळे बरोबर येतात. ल्यूथरन एक पाऊल पुढे टाकतात. विश्वास ठेवणं हे तरी माणसाचं काम आहे ना? नाही, म्हणतात ते. ल्यूथरने १५२९ साली मुलांसाठी आणि घरच्यांसाठी एक छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. तिच्यातलं एक वाक्य मला फार आवडतं : मी स्वतःच्या बुद्धीने किंवा बळाने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, असा माझा विश्वास आहे. दोनदा वाचावं लागतं. विश्वाससुद्धा दिला जातो, पवित्र आत्मा तो देतो.

आपल्या परंपरेत यासाठी नेमकी जोडी आहे, मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगतं, मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याची मान तोंडात धरून नेते. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये यावरून मोठा वाद झाला. ल्यूथरनांची वर्गवारी करायची तर ते निःसंशय मांजरीच्या बाजूचे. फक्त ते एक पुस्ती जोडतील : पिल्लू ओरबाडून तोंडातून सुटू शकतं. तारण झालं तर श्रेय संपूर्ण देवाचं, नाश झाला तर दोष संपूर्ण माणसाचा. हे तर्कात बसत नाही, असं त्यांना सांगून पाहा. बसत नाही हे त्यांना ठाऊक आहे. बायबल दोन्ही सांगतं, म्हणून आम्ही दोन्ही धरून ठेवतो, असं ते शांतपणे म्हणतात. जिनिव्हाच्या कॅल्व्हिन या दुसऱ्या सुधारकाच्या अनुयायांनी हे गणित सोडवायला घेतलं. ल्यूथरनांनी ते तसंच राहू दिलं.

आता ही किल्ली घेऊन रविवारी सकाळी आत शिरू.

उपासनेला जर्मन भाषेत ‘गोट्टेसडीन्स्ट’ म्हणतात, शब्दशः देवाची सेवा. आपण केलेली देवाची सेवा असाही त्याचा अर्थ निघतो आणि देवाने आपली केलेली सेवा असाही. ल्यूथरन दुसऱ्या अर्थावर जोर देतात. आपल्या मनातल्या पूजेच्या कल्पनेला हा उलटा बाण आहे. फूल, नैवेद्य, नवस, सगळं इकडून तिकडे जातं. इथे मुख्य वाहतूक तिकडून इकडे आहे. पंगतीत बसलेल्याने उठून वाढायला घ्यायचं नसतं, तसं काहीसं. गाणं, प्रार्थना, दान हे सारं आहेच, पण ते पोट भरल्यावर दिलेल्या दादेसारखं, नंतरचं.

वसईचा किंवा गोव्याचा कॅथलिक माणूस या चर्चमध्ये गेला तर त्याला ओळखीचं वाटेल. वेदी, मेणबत्त्या, पाळकाचा पांढरा झगा, क्रुसावर ख्रिस्ताची मूर्तीसुद्धा. ऋतूप्रमाणे वेदीवरच्या कापडाचा रंग बदलतो : उपवासकाळात जांभळा, नाताळला आणि पुनरुत्थानाच्या सणाला पांढरा, पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, लाल, वर्षाचा उरलेला मोठा भाग हिरवा. १५२२ साली विटेनबर्गमध्ये काही उत्साही सुधारक मूर्ती फोडायला निघाले होते, तेव्हा लपून राहिलेला ल्यूथर बाहेर येऊन त्यांच्याविरुद्ध आठ दिवस रोज उपदेश करत उभा राहिला. शुभवर्तमानाच्या आड येतं तेवढं काढा, बाकी राहू द्या, असा त्याचा कल. म्हणून सुधारणेची चळवळ ज्यांनी सुरू केली त्यांचीच उपासना प्रोटेस्टंटांमध्ये सगळ्यात जुनाट दिसते. आपल्याकडच्या मराठी मंडळ्यांमध्ये अमेरिकन मिशनच्या साध्या, वेदीविरहित वळणाचे संस्कार मुरलेले आहेत. त्यांना हे सगळं फार कॅथलिक वाटेल.

सुरुवात पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने होते. लगेच पापांची कबुली. सगळी मंडळी एका आवाजात म्हणते की आम्ही विचाराने, शब्दाने आणि कृतीने पाप केलं आहे. मग पाळक वळून उभे राहतात आणि म्हणतात : ख्रिस्ताचा बोलावलेला आणि दीक्षित सेवक या नात्याने, त्याच्याच अधिकाराने, मी तुमच्या सर्व पापांची क्षमा करतो.

बॅप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचा पाहुणा इथे बाकावर अस्वस्थ होतो. हा माणूस कोण क्षमा करणारा? यावर ल्यूथरन योहानकृत शुभवर्तमानाचा विसावा अध्याय दाखवतात, तिथे येशू शिष्यांना नेमका हाच अधिकार देतो. मला मनीऑर्डर आठवते. पोस्टमनने पैसे स्वतःच्या खिशातून दिलेले नसतात, पण आजीच्या हातात नोटा मोजून ठेवणारा तोच असतो. ‘देव दयाळू आहे’ हे सर्वसाधारण विधान झालं. आज, तुझ्या कानात, तुझ्यासाठी, कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं, या गोष्टीवर ल्यूथरनांचा फार भर. एकट्याने पाळकांपाशी जाऊन कबुली देण्याची सोयही त्यांनी कधी रद्द केलेली नाही. तिचा वापर मात्र फार थोडे करतात.

पुढे ‘प्रभो, दया कर’ हे जुनं ग्रीक आर्जव, देवाचं स्तोत्र, बायबलमधली तीन वाचनं. शुभवर्तमान वाचताना सगळे उभे राहतात. ‘नायसिया’चा किंवा प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली जुनी कबुली, सगळे मिळून म्हणतात. मग उपदेश.

उपदेशात दोन धागे असावे लागतात, नियमशास्त्र आणि शुभवर्तमान. नियमशास्त्र आरसा दाखवतं : तू असा आहेस. शुभवर्तमान सांगतं : तरीही ख्रिस्त तुझ्यासाठी मेला. दोन्हींची सरमिसळ होऊ द्यायची नाही, यावर मिसूरी सिनॉडच्या पाळकांचं सगळं शिक्षण बेतलेलं आहे. ‘चांगलं वाग म्हणजे देव प्रेम करेल’ असं कुणी म्हणालं की ती सरमिसळ झाली. कौशल्य मोठं आहे. हाताळणी कच्ची असेल तर मात्र पहिली दहा मिनिटं झोडायचं आणि पुढची दहा मिनिटं मलम लावायचं, अशी ठरावीक चाल होऊन बसते आणि श्रोत्याला मलम कधी येणार ते घड्याळावरून कळतं.

क्षमा फुकट असेल तर मग वागा हवं तसं? हा प्रश्न ल्यूथरच्या हयातीतच विचारला गेला. त्यांचं उत्तर असं की झाड जिवंत असेल तर फळ येतंच, पण फळं टांगून कुणी झाड जिवंत करत नाही. देवाला आपल्या सत्कृत्यांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. चांभाराने चांगला जोडा शिवणं, आईने बाळाचे लंगोट धुणं, ही कामं संन्याशाच्या जपतपाइतकीच पवित्र, असं ल्यूथर ठासून म्हणायचा. आणि माणूस मरेपर्यंत एकाच वेळी पापी आणि नीतिमान असतो, निम्मा-निम्मा नव्हे, दोन्ही पूर्ण.

लहान बाळाचा बाप्तिस्मा यातूनच समजतो. बाळाला काय कळतं, असं विचारलं की ल्यूथरन म्हणतील, अगदी बरोबर, म्हणूनच. बाप्तिस्मा ही माणसाने देवाला दिलेली जाहीर कबुली असती तर बाळाला तो देऊन उपयोग नव्हता. पण तो देवाने त्या बाळाला दिलेला शब्द आहे, पाण्याबरोबर. मांजरीचं पिल्लू पुन्हा आठवा.

आणि आता वेदीकडे.

१५२९ सालच्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्युरिकचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. तिथल्या राजपुत्राला प्रोटेस्टंटांची एकी हवी होती, कारण सम्राट आणि पोप दोघंही विरोधात होते. १५ मुद्द्यांपैकी १४ जमले. पंधराव्यातही थोडंसं जमलं, फक्त एक गोष्ट अडली. शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर हातात घेऊन येशू म्हणाला, ‘हे माझे शरीर आहे’. झ्विंग्ली म्हणाला, ‘आहे’ म्हणजे इथे ‘दर्शवते’. ल्यूथरने चर्चा सुरू व्हायच्या आधीच खडूने मेजावर ते लॅटिन वाक्य लिहून वर मखमली कापड टाकून ठेवलं होतं. त्याने कापड उचललं आणि शब्दावर बोट ठेवलं. ‘आहे’ म्हणजे आहे. एकी झाली नाही.

तो राजकारणात आंधळा होता, असं म्हणणारे आजही आहेत. पण त्याच्या बाजूने पाहा. ‘देव देतो’ यावर ज्याची सगळी मदार, त्याच्यापुढे भाकर नुसती आठवणीची खूण ठरली तर पुन्हा सगळं माणसाच्या आठवणीवर, भक्तीवर, एकाग्रतेवर येऊन पडतं. परत तोच प्रश्न : पुरेसं झालं का? म्हणून ल्यूथरन म्हणतात की भाकर भाकरच राहते, द्राक्षारस द्राक्षारसच राहतो, आणि त्यांच्यात, त्यांच्यासह, त्यांच्याखाली ख्रिस्ताचं खरं शरीर आणि रक्त दिलं जातं. खाणाऱ्याला विश्वास असो वा नसो, तोंडात पडतं ते तेच. कसं, ते विचारू नका. भाकरीचं मूळ द्रव्यच बदलतं, असं कॅथलिक स्पष्टीकरण त्यांना नको आहे, दुसरं कुठलंही नको आहे.

आता ती सूचना पुन्हा वाचा. पौल करिंथकरांना लिहितो की शरीर न ओळखता जो खातो-पितो तो स्वतःवर न्यायदंड ओढवून घेतो. औषध खरं असेल तर ते चौकशी न करता वाटत नाहीत, असा त्यांचा विचार. शिवाय एका वेदीपाशी गुडघे टेकणं म्हणजे ‘आमचा विश्वास एक आहे’ असं सगळ्यांदेखत म्हणणं. तो एक नसेल तर तसं दाखवणं खोटेपणाचं. हे वाचून दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती माणूस अनेकदा दुखावतो, आणि त्याचं दुखावणं मला समजतं. वेगळ्या चर्चमधली सूनबाई सासरच्या मंडळींबरोबर आलेली असते आणि सगळी रांग पुढे गेल्यावर बाकावर एकटी राहते. हा नियम पाळणाऱ्या पाळकांनाही तो क्षण सुखाचा नसतो.

हा ताठरपणा नुसता पुस्तकातून आलेला नाही. १८१७ साली, सुधारणेच्या तीनशेव्या वर्षी, प्रशियाच्या राजाने आपल्या राज्यातले ल्यूथरन आणि कॅल्व्हिनपंथी यांनी एका चर्चमध्ये एकत्र यावं असं आवाहन केलं. पुढे सगळ्यांसाठी उपासनेचं एकच पुस्तक लादलं. ‘आहे’ आणि ‘दर्शवते’ दोघांनाही चालेल अशी मोघम शब्दयोजना त्यात होती. न ऐकणाऱ्या पाळकांना तुरुंगात टाकलं. बरेच जुने ल्यूथरन देश सोडून गेले, काही थेट दक्षिण ऑस्ट्रेलियात. शेजारचं सॅक्सनी या राजाच्या अंमलाखाली नव्हतं, पण तिथल्या सरकारी चर्चमध्ये चमत्कार, पुनरुत्थान वगैरे गोष्टी हसण्यावारी नेणाऱ्या बुद्धिवादी पाळकांचा जोर होता. तिथून १८३८ च्या नोव्हेंबरात ७०० च्या आसपास माणसं पाच जहाजांतून अमेरिकेला निघाली. त्यांतलं ‘अमालिया’ नावाचं जहाज समुद्रातच नाहीसं झालं. बाकीची न्यू ऑर्लीन्समार्गे मिसूरीत पोचली.

पुढे जे झालं ते कादंबरीत शोभावं. त्यांचा पुढारी मार्टिन स्टीफान याने वाटेत स्वतःला बिशप करवून घेतलं होतं. काही महिन्यांतच त्याच्यावर व्यभिचाराचे आणि पैशांच्या गैरवापराचे आरोप आले. लोकांनी त्याला पदावरून काढलं, होडीत बसवलं आणि मिसिसिपी नदीपलीकडे इलिनॉयच्या काठावर सोडून दिलं. मग रानात उरलेल्या या माणसांना घेरून आलं : बिशप गेला, मायदेश गेला, आता आपण चर्च तरी आहोत का? आपले पाळक खरे पाळक आहेत का? काहींना परत जावंसं वाटू लागलं. १८४१ च्या एप्रिलमध्ये आल्टेनबुर्ग नावाच्या त्यांच्या वस्तीत जाहीर वाद झाला. तिथे सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर या तिशीच्या आतल्या पाळकाने मांडलं की जिथे देवाचं वचन शुद्ध सांगितलं जातं आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कार ख्रिस्ताच्या आज्ञेप्रमाणे दिले जातात तिथे चर्च असतं, बिशप असो नसो. आजही या चर्चमध्ये वरून कुणी पाळक नेमून पाठवत नाही. मंडळी सभा घेऊन पाळकाला ‘बोलावणं’ पाठवते. क्षमेच्या वाक्यातला ‘बोलावलेला’ हा शब्द त्यातलाच. १८४७ साली शिकागोत सिनॉड स्थापन झालं तेव्हा वाल्थर पहिला अध्यक्ष झाला. नावात ‘जर्मन’ शब्द होता, तो १९१७ साली, जर्मनीशी युद्ध सुरू असताना, गळला.

जुन्या वळणाचे हे लोक नेमके कशाला धरून आहेत, ते आता पटकन सांगता येईल. बायबलमध्ये चूक नाही. १५८० साली एकत्र छापलेले ल्यूथरन मतांगीकार बायबलशी जुळतात, आणि दीक्षा घेताना पाळक त्यांच्याशी बांधील राहण्याची शपथ घेतो. स्त्रिया पाळक होत नाहीत. मंडळीच्या सभेत त्यांना मतदान करू देण्याचा निर्णयही १९६९ चा. विवाह स्त्री-पुरुषाचाच, गर्भपाताला विरोध. १९७४ साली सेंट लुईसच्या त्यांच्या धर्मविद्यालयात बायबलचं चिकित्सक वाचन करावं का, यावरून विद्यालयाच्या अध्यक्षाला निलंबित केलं, तेव्हा बहुतांश प्राध्यापक आणि विद्यार्थी निषेध म्हणून बाहेर पडले. सिनॉड तरी हललं नाही.

भारतीय वाचकाला सर्वांत खटकेल ते २००१ चं प्रकरण. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सर्वधर्मीय प्रार्थनासभा झाली. हिंदू, शीख, मुस्लिम, ज्यू, सगळे होते. या सिनॉडच्या तिथल्या जिल्हाध्यक्षाने व्यासपीठावर जाऊन येशूच्या नावाने प्रार्थना केली. पुढच्या वर्षी त्याला निलंबित केलं. आरोप हा की वेगवेगळ्या देवांच्या प्रार्थना एका रांगेत मांडल्या गेल्या आणि त्या रांगेत हा उभा राहिला. २००३ साली त्याला परत घेतलं, पण वाद बराच काळ धुमसत होता. सर्वधर्मप्रार्थना ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पचणं कठीण. पण ती वेदीपाशीची सूचना आणि हे निलंबन यांच्यामागे एकच विचार आहे : एकत्र प्रार्थना म्हणजे एकमताची साक्ष.

आपल्याकडे बरोबर उलटी वाट निवडली गेली. १९७० साली ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं तेव्हा महाराष्ट्रातल्या अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन वळणाच्या अनेक मंडळ्या त्यात विलीन झाल्या. त्याआधी १९४७ साली दक्षिणेतही असंच झालं होतं. दोन्ही वेळा ल्यूथरन बाहेर राहिले. भारतात ते जुने, म्हणजे १७०६ साली तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरलेल्या त्सीगेनबाल्ग या जर्मन मिशनऱ्यापासूनचे. मिसूरीचे पहिले दोन मिशनरी १८९५ साली तमिळ मुलुखात आले, आणि त्यांच्या कामातून ‘इंडिया इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च’ उभं राहिलं. रांचीकडे, आंध्रात, तमिळनाडूत ल्यूथरन भरपूर. मराठी ल्यूथरन मात्र शोधावा लागतो. मुंबईत भेटला तर बहुधा घरी तमिळ किंवा तेलुगू बोलणारा.

तर, सूचना वाचून पाहुणा पाळकांपाशी गेला, तर पुढे काय होतं? बहुतेक पाळक म्हणतात, रांगेत जरूर या, हात छातीवर आडवे धरा, मी तुम्हाला आशीर्वाद देईन. आणि तुम्हाला खरंच घ्यायचं असेल तर वर्गाला या. हे वर्ग काही आठवडे, काही ठिकाणी काही महिने चालतात. पाठ्यपुस्तक तीच १५२९ ची प्रश्नोत्तरी, जी त्या मंडळीतली मुलं बारा-तेरा वर्षांची असताना दृढीकरणाआधी पाढ्यांसारखी घोकतात. दहा आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांची कबुली, प्रभुभोजन. एक ओळ वाचायची आणि लगेच प्रश्न : याचा अर्थ काय? पुढची ओळ, पुन्हा तोच प्रश्न. सत्तरीच्या आजोबांना झोपेतून उठवून मतांगीकाराचा पहिला भाग विचारला तरी ते अर्थासकट म्हणून दाखवतात, आणि शेवटी मतांगीकाराच्या प्रत्येक भागाच्या अर्थानंतर येणारं वाक्य आपोआप त्यांच्या तोंडून निघतं : हे अगदी खरं आहे.